पाणी उडतं, मीठ मागे राहतं

मैत्रिणींनो, गेल्या उन्हाळ्यात आमच्या दारातली तुळस गेली. सासूबाईंच्या हातची होती ती. आधी पानांच्या कडा करपल्या, मग मातीवर पांढरी खपली धरली. सासूबाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. रिकाम्या वृंदावनापुढे दिवा मात्र रोज लावत राहिल्या. तेच जास्त लागलं. कारण तुळशीला मीठ घालणारी मीच होते!

कसं ते सांगते. आमच्या बोअरचं पाणी मचूळ. पिण्यासाठी आर.ओ.चं यंत्र बसवलं. त्याच्या नळीतून वाहून जाणारं पाणी वाया का घालवा, म्हणून मी ते बादलीत धरून झाडांना घालू लागले. काटकसरच ना! पण यंत्र जे क्षार अडवतं, ते सगळे याच पाण्यात उतरतात. निम्मं पाणी गाळून निघालं, तर उरलेल्या निम्म्यात क्षार जवळजवळ दुप्पट. समजा, लिटरला २ ग्रॅम क्षार आहेत आणि आपण रोज अर्धा लिटर घालतो; महिन्याला ३० ग्रॅम, म्हणजे पाच-सहा लहान चमचे मीठ कुंडीत!

पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. श्रीमंतांच्या बंगल्यांत खाऱ्या पाण्याचे पोहण्याचे तलाव असतात. त्यांत लिटरला साधारण ३ ते ३.५ ग्रॅम मीठ मुद्दाम राखतात. उन्हानं पाणी घटलं, तर नुसतं गोडं पाणी भरतात, मीठ नाही. कारण ते आतच असतं. आपली कुंडी म्हणजे तसाच लहानसा हौद. फरक एवढाच, की आपल्याला मीठ राखायचं नाही, घालवायचं आहे.

आपल्या भागाला हे नवं नाही. नीरेचा डावा कालवा १८८५ साली आला. पाणी मुबलक झालं, पण निचरा नव्हता. रानांना मीठ फुटलं. पुण्याच्या शेतकी कॉलेजातल्या हॅरॉल्ड मॅन यांनी सहकाऱ्यासह १९१० साली नीरा खोऱ्यातल्या या खारपड जमिनींवर लिहिलं. पुढे चर खणून खारं पाणी बाहेर काढण्याचाच उपाय करावा लागला. शेताला चर, तसं कुंडीला भोक!

तेव्हा एवढं करा :

१. कुंडीचं भोक मोकळं ठेवा. ताटलीत साचलेलं पाणी फेकून द्या.

२. पांढरी खपली बोटभर मातीसकट काढून टाका.

३. कुंडीत जेवढी माती, त्याच्या दुप्पट पावसाचं किंवा गोडं पाणी थांबत थांबत ओता आणि खालून वाहून जाऊ द्या.

४. रोज घोटभर पाणी घालू नका. वरची माती सुकली, की खालून निघेपर्यंत घाला.

५. आर.ओ.चं टाकाऊ पाणी फरशी पुसायला किंवा संडासात वापरा.

मी पावसाळ्यात पन्हळीखाली पिंप ठेवलं, माती बदलली, नवं रोप लावलं. त्याला आता मंजिऱ्या आल्यात. परवा सासूबाईच म्हणाल्या, “अगं, पिंपातलं पाणी संपत आलंय, जपून वापर हो.”