हुजूरपागेत एक बैठक बोलवा

प्रति,
नियामक मंडळ,
महाराष्ट्र गर्ल्स एज्युकेशन सोसायटी, पुणे

सन्माननीय सदस्यहो,

विनंती एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. मुलींच्या शाळा चालवणाऱ्या खासगी संस्थांचं एक सैलसर जाळं महाराष्ट्रात उभं राहावं आणि त्याची पहिली बैठक तुम्ही बोलवावी. सैलसर हा शब्द मुद्दाम वापरतोय. कुणी कुणात विलीन व्हायचं नाही, कुणाची पाटी उतरवायची नाही, कारभार ज्याचा त्याच्याकडेच. फक्त आपल्या मुलींचं पुढे काय होतं, याचे आकडे सगळ्यांनी एका टेबलावर ठेवायचे. 1884 साली रानडे, भांडारकर, मोडक यांनी तुमची हुजूरपागेची शाळा काढली, तेव्हा मुलींच्या हायस्कूलवर टीका करणाऱ्यांत खुद्द टिळक होते. त्या वातावरणात शाळा टिकली, मुली येत राहिल्या, एवढंच टीकाकारांना पुरेसं उत्तर होतं. आता ते पुरत नाही. मुलगे-मुली एकत्र शिकत असताना मुलींची वेगळी शाळा हवीच कशाला, हा आजचा सवाल आहे. शाळा कितीही जुनी असो, तिला एकटीला याचं उत्तर देता येणार नाही.

दरवर्षी दहावीचा निकाल लागला की ‘यंदाही मुलींचीच बाजी’ हा मथळा ठरलेला. त्यात मुलींच्या शाळांचा वाटा किती, हे त्या बातमीतून कळत नाही. शाळेलाही ते कळत नाही. यंदा आपल्या मुली गणितात कमी पडल्या, तर तो दोष त्या तुकडीचा, शिक्षकांचा, की घरून आलेल्या ‘तुला कशाला हवंय गणित’ या शेऱ्याचा? मुख्याध्यापिकेच्या हातात एका शाळेचं निकालपत्रक असतं आणि शेजारी ठेवायला दुसरं काहीच नसतं. त्यातून दहावीनंतर मुलीच्या हाती दाखला दिला की तिचा माग संपला. ती अकरावीला विज्ञानाला गेली की नाही, गणित ठेवलं की सोडलं, बारावीच्या आत लग्न झालं का, हे कुठल्याच वहीत नसतं. पुण्यातल्या मोठ्या शाळेला निदान माजी विद्यार्थिनींचा गोतावळा असतो. तालुक्याच्या गावातल्या कन्याशाळेत विज्ञानाला एकच शिक्षिका; पट घसरला, संचमान्यतेत तिचं पद अतिरिक्त ठरलं, की तो विषय शिकवायला माणूसच उरत नाही. अशा वेळी चार शाळांनी मिळून एक प्रयोगशाळा किंवा एक तज्ज्ञ शिक्षिका वाटून घ्यावी, असं सुचवायलाही समोर कुणी नसतं.

अनेक शाळा शेजारी ठेवून पाहिल्या की काय दिसतं, याचा एक जुना दाखला इंग्लंडातला आहे. 1863 साली स्त्री-शिक्षणासाठी झटणाऱ्या एमिली डेव्हिस यांनी खटपट करून केंब्रिजच्या स्थानिक परीक्षेला प्रायोगिक म्हणून मुली बसवल्या. वेगवेगळ्या शाळांतल्या 83 मुली होत्या. मुख्याध्यापिका फ्रान्सिस मेरी बस यांच्या शाळेच्याही त्यांत होत्या. मोठ्या गटातल्या बहुतेक जणी अंकगणितात आपटल्या. मुलींना गणित झेपत नाही म्हणणाऱ्यांना हे आयतंच कोलीत मिळालं असतं. पण एकाच प्रश्नपत्रिकेवर अनेक शाळा एकदम कोसळल्या, म्हणूनच दोष मुलींचा नसून शिकवण्याचा आहे हे दिसलं. शिकवणं सुधारलं आणि निकालही लवकरच सुधारले. एकाच शाळेच्या मुली नापास झाल्या असत्या, तर ते त्या शाळेचं दुर्दैव ठरलं असतं. पुढे 1874 च्या डिसेंबरात बस यांच्या घरी नऊ मुख्याध्यापिका जमल्या आणि तिथे मुख्याध्यापिकांची संघटना जन्मली. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील या तिच्या आघाडीच्या शिलेदार. याच बीलबाईंच्या कॉलेजात 1884 पासून पंडिता रमाबाई शिकत होत्या आणि संस्कृत शिकवत होत्या. म्हणजे तुमची शाळा पुण्यात सुरू होत होती, त्या सुमारास त्या नऊ मुख्याध्यापिकांची ही परंपरा एका मराठी विदुषीच्या अगदी जवळ होती. हंटर शिक्षण आयोगापुढे स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-निरीक्षक हवेत असं सांगून रमाबाई तिकडे गेल्या होत्या. शाळांवर बाहेरच्या, पण जाणत्या डोळ्यांची नजर हवी, हेच त्या मागत होत्या.

आता सर्वांत जड आक्षेप. मुलींच्या वेगळ्या शाळेने खरंच फायदा होतो का? ब्रिटनच्या इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्सने 2012 मध्ये दाखवलं की इंग्लंडातल्या सरकारी अनुदानित शाळांमध्ये, मुलींच्या शाळेतून आलेली मुलगी वरच्या वर्गात भौतिकशास्त्र घेण्याची शक्यता सहशिक्षणातल्या मुलीच्या जवळजवळ अडीचपट होती. पण 2014 मध्ये 21 देशांतल्या 184 अभ्यासांची, सोळा लाख विद्यार्थ्यांची एकत्र छाननी झाली. मुलांची घरची परिस्थिती आणि प्रवेशाची निवड हिशेबात धरल्यावर फरक नगण्य उरतो, असा तिचा निष्कर्ष. दुसरी गोष्ट झाकून पहिलीच माहितीपत्रकात छापण्याचा मोह कुणालाही होईल. तो टाळायला हवा. मला या दोन्हींतून दिसतं ते असं, की ‘मुलींची शाळा’ ही पाटी स्वतः काही करत नाही. आत काय घडतं त्यावर सगळं अवलंबून आहे. प्रात्यक्षिकाच्या टेबलावर व्हर्निअर कुणाच्या हातात असतो आणि आकडे वहीत कोण लिहितं, एवढं पाहा. मुलींच्या शाळेत तो मुलीच्याच हातात असणार, दुसरं कुणी नाहीच. पण एका टेबलाभोवती आठ जणी असतील आणि तीच एक हुशार मुलगी दरवेळी पुढे होत असेल, तर उरलेल्या सात जणींना वेगळ्या शाळेचा काय उपयोग? कुठल्या शाळेने हे कसं सोडवलं, हे वीस शाळांनी एकमेकींकडे पाहिल्याशिवाय कळायचं नाही.

स्वायत्तता जाण्याची भीती मला रास्त वाटते. ‘गर्ल्स डे स्कूल ट्रस्ट’ हे ब्रिटनमधलं दुसरं प्रारूप 1872 पासूनचं: आधी शेअर विकून उभी केलेली कंपनी, 1906 पासून विश्वस्त संस्था, सगळ्या शाळा एकाच छत्राखाली. फायदे उघड आहेत. पण शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाबाबतचा प्रस्ताव वरून आला, तेव्हा 2022 मध्ये एका वेळी 23 शाळांमधल्या शिक्षकांनी संप केला. त्या संस्थेच्या इतिहासातला हा पहिलाच. मालकी एकवटली की चूकही एकवटते. म्हणून मी त्या ट्रस्टचा नव्हे, बसबाईंच्या दिवाणखान्याचा नमुना सुचवतोय.

संस्थाचालकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या संघटना आहेतच की, असंही कुणी म्हणेल. आहेत, आणि अनुदान, पदमान्यता, वेतन यांसाठी त्या हव्यातच. मुलगी गणित का सोडते, हा त्यांच्या अजेंड्यावरचा विषय नव्हे. प्रवेशासाठी एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या शाळा आकडे देतील का? शाळेचं नाव झाकून द्यायला काय हरकत आहे? मला खरी काळजी वेगळीच आहे. हे पुण्या-मुंबईच्या नामवंत शाळांचं मंडळ होऊन बसायचं. सेवासदनला किंवा महर्षी कर्व्यांच्या संस्थेला बोलवाल तेव्हा वाई-साताऱ्याच्या कन्याशाळांच्या बाईंनाही पहिल्याच यादीत घ्या. कर्व्यांच्या संस्थेला एका छत्राखाली गावोगावी शाळा चालवण्याचा अनुभव आहे, त्यातल्या अडचणींसकट. तो ऐकायला मिळाला तरी निम्मं काम होईल.

बैठकीला भाषणं नकोत. प्रत्येक शाळेने एकच कागद आणावा: पाच वर्षांपूर्वी दहावी झालेल्या मुलींपैकी किती विज्ञानाला गेल्या, किती बारावी झाल्या, किती कमावत्या आहेत, किती मधेच थांबल्या. शेवटी ‘ठाऊक नाही’ असाही एक रकाना ठेवा. पहिल्या वर्षी सगळ्यांत मोठा आकडा त्यातच येईल.



स्त्री-शिक्षणाचा एक अभ्यासक