पत्रिकेतले नाव

येत्या मार्गशीर्षात आमच्या लेकीचे लग्न आहे. संपादकांनी दिवाळी अंकासाठी काहीतरी खुसखुशीत लिहा म्हणून निरोप धाडला, तेव्हा मी लग्नघरातल्या गमती लिहायचे योजले होते. पण लग्नाच्या पत्रिकेवरून आमच्याकडे जे घडले, त्यातून मन काही हलेना.

या सदराच्या वाचकांना आमच्या सासूबाई नव्या नाहीत. फणसाच्या आठळ्यांवरून त्यांनी भाजीवाल्याशी घातलेला वाद मागे मी याच पानावर सांगितला होता. सासूबाई मडगावच्या, आता शहाऐंशी वर्षांच्या. लेकीने पत्रिका कॉम्प्युटरवर स्वतः बनवली आणि मोबाइलवरून सगळ्यांना धाडायची म्हणाली. सासूबाईंच्या हट्टापायी शंभर पत्रिका छापायच्या ठरल्या. इथवर ठीक होते. कच्चा मसुदा त्यांना वाचून दाखवला, तशा त्या म्हणाल्या, "यात माझ्या दादाचं नाव नाही."

दादा म्हणजे ह्यांचे थोरले मामा. त्यांना जाऊन पंधरा वर्षे होऊन गेली.

"अगं आई, गेलेल्या माणसाचं नाव निमंत्रकांत कसं घालायचं? आणि तेही मुलीच्या आजीच्या भावाचं?" ह्यांनी समजूत घातली. लेक म्हणाली, "आजी, आधीच नावांची गर्दी झालीय." सासूबाई काही बोलल्या नाहीत. जेवल्याही नाहीत. दुपारी मला खोलीत बोलावून त्यांनी आपला पत्र्याचा डबा उघडायला लावला. आत एक पिवळी पडलेली लग्नपत्रिका होती. त्यांच्या थोरल्या बहिणीची, 1955 च्या माघातली. 'शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे' ही त्या काळची भाषा वाचून मला हसू आले. मग लक्ष मागच्या बाजूकडे गेले. तिथे पुसट झालेला गोल सरकारी शिक्का होता.

"हा कसला?"

"मंजुरीचा. लग्नाची पत्रिकासुद्धा सरकारला दाखवल्याशिवाय छापता येत नव्हती गो आमच्याकडे."

गोव्यात पोर्तुगीजांचे राज्य होते आणि ते 19 डिसेंबर 1961 रोजी संपले, एवढे आपण शाळेत शिकलो. पण सालाझारचे राज्य घरात कसे शिरे, ते कुणी शिकवले नव्हते. हा मनुष्य 1932 साली पोर्तुगालचा पंतप्रधान झाला आणि 1968 पर्यंत खुर्चीवर राहिला. वर्तमानपत्र, पुस्तक, सभा, संघटना, सगळ्यांवर त्याच्या सरकारची नजर. खुद्द लिस्बनची वर्तमानपत्रेही आधी सेन्सॉरकडे जात. तिथले अधिकारी निळ्या पेन्सिलीने मजकूर खोडीत, आणि उरलेला छापताना 'तपासले आहे' असे अंकावर लिहावे लागे. ही निळी पेन्सिल 1974 च्या एप्रिलमध्ये क्रांती झाली तेव्हाच खाली पडली. मायदेशातल्या लोकांची ही गत, तर गोव्याला कोण विचारतो!

सासूबाईंची पहिली आठवण 18 जून 1946 ची. वय वर्षे सात. पाऊस धो धो कोसळत होता आणि दादा भिजून चिंब होऊन घरी आला. मडगावात डॉ. राममनोहर लोहियांची सभा होती. लोहिया खरे तर आपले मित्र डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या असोळण्याच्या घरी विश्रांतीला आले होते. लोकांनी येऊन गाऱ्हाणी सांगितली, तेव्हा त्यांनी बंदी मोडून सभा घ्यायचे ठरवले. प्रशासकाने पिस्तूल रोखले, लोहियांनी त्याचा हात बाजूला सारला. ही हकीकत दादाने आईला चुलीपाशी कुजबुजत सांगितली. "दादा एवढा आनंदात होता, मग हळू का बोलतो, ते मला कळेना," सासूबाई म्हणाल्या. पुढच्या महिन्यात त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना पकडले, त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालवला आणि आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात पाठवले. तेव्हापासून घरात मोठ्याने बोलणे कमीच झाले.

आणि मग तो म्हापशाचा एक शब्द. 17 फेब्रुवारी 1954. एका मेजवानीत कुणीतरी भाषणात म्हणाले की, गोवा हा पोर्तुगालच आहे. पंगतीला डॉ. पुंडलिक गायतोंडे होते, नावाजलेले शस्त्रवैद्य. त्यांची पत्नी स्वतः पोर्तुगीज. डॉक्टरांनी तिथल्या तिथे सांगितले की, माझा याला निषेध आहे. ना मोर्चा, ना घोषणा, ना पत्रक. जेवणाच्या टेबलाशी उच्चारलेला एक निषेध! एवढ्यावर त्यांना अटक झाली आणि आगबोटीने पोर्तुगालला नेले. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत जावईबापू याहून कितीतरी जास्त निषेध नोंदवतात, असे माझ्या मनात आले. पण सासूबाईंचा चेहरा पाहून ते ओठांवर आणले नाही.

त्यानंतर धरपकड वाढली. दादाच्या चौकशीला पोलीस दोनदा घरी येऊन गेले. तिसऱ्यांदा येण्याआधी एका रात्री तो घाटाच्या वाटेने बेळगावला निघून गेला. बाबांनी त्याची पुस्तके परसात जाळली. शेजाऱ्यांनी विचारले, तर पालापाचोळा जाळतो म्हणाले.

वर्षभराच्या आत बहिणीचे लग्न ठरले. सासूबाईंचे अक्षर मोत्यासारखे, म्हणून सरकारला दाखवायची प्रत लिहायला बाबांनी त्यांनाच बसवले. बाबा सांगत होते, त्या लिहीत होत्या. शेवटी 'आपले नम्र' म्हणून घरातल्यांची नावे आली. काकांचे नाव झाले. त्यानंतर दादाचे. बाबा थांबले आणि मग त्यांनी धाकट्या भावाचे नाव सांगितले.

"मी मान वर केली. म्हटलं, बाबा, दादा राहिला. ते म्हणाले, 'पुढं लिही.' मी तशीच बसले. ते परत म्हणाले, 'पुढं लिही, बाय.' आणि मी लिहिलं."

मी म्हटले, "अहो, पण सरकारनं ते नाव खोडलंच असतं."

"असतं का? कुणाला ठाऊक. कारकुनानं वाचलंही नसतं कदाचित. सरकारनं काही खोडलं नाही गो. मी खोडलं. शिक्का मारून पत्रिका आली, बाबांनी देवापुढं ठेवली. ताई मात्र पत्रिका वाचून रात्रभर रडली."

बेळगावला जाणाऱ्या कुणीतरी एक पत्रिका दादाला नेऊन दिली. त्याच वर्षी 15 ऑगस्टला गोव्यात शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि वीसहून अधिक माणसे मेली. पुण्या-मुंबईकडची, आणखी कुठकुठली. सरहद्द बंद झाली. सहा वर्षे घरात दादाचे अक्षर पडले नाही. गोवा सुटल्यावर 1962 च्या जानेवारीत तो परत आला. बाबांनी पायरीवरच त्याला मिठी मारली. पत्रिकेचा विषय त्याने कधी काढला नाही. बाबांनीही नाही. "आणि मी धाकटी, मी कशी काढणार? तो जाईपर्यंत दर भाऊबीजेला मनात यायचं, आज विचारावं. ओवाळून झालं की राहून जायचं."

सगळेच 1962 ला घरी आले असेही नाही. सांगलीकडचे मोहन रानडे गोव्यात शिक्षक म्हणून गेले होते. त्यांना पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटायला 1969 चा जानेवारी उजाडला. ज्या राज्यासाठी त्यांना कोंडले, ते राज्य गोव्यातून जाऊनही सात वर्षे होऊन गेली होती!

संध्याकाळी हे घरी आल्यावर मी सगळे सांगितले. हे म्हणाले, "ते परक्यांचं राज्य होतं." सासूबाईंनी आतून ऐकले. "1975 च्या जूनमध्ये तू शाळेत होतास," त्या म्हणाल्या. "दादरच्या घरी पेपर आला, त्यात अग्रलेखाची जागा कोरी. तुझे वडील म्हणाले, छापखान्याची चूक असेल. मी म्हटलं, मला ही चूक ओळखीची आहे. नंतर महिनाभर तेसुद्धा गॅलरीत राजकारण बोलत नव्हते. आत येऊन बोलायचे. आणि हळू."

ह्यांना आठवले असावे. ते काही बोलले नाहीत.

लेकीने मात्र त्याच रात्री मसुदा पुन्हा उघडला. 'कै.' लिहून वर वेगळ्या ओळीत नाव घालू, असे तिने सुचवले. सासूबाईंना ते पटले नाही. नाव खालीच हवे, जिथे गाळले होते तिथेच, काकांच्या नावानंतर. आमच्या लग्नात ते काका कुठून आणायचे, हा नवा प्रश्न! अखेर आमच्या चुलत दिरांच्या नावाखाली मामांचे नाव बसले. छापखानेवाल्याने फोन करून विचारले, "हे वयोवृद्ध गृहस्थ लग्नाला येणार ना? कंसात गाव घालू का?" मी म्हटले, गाव घाला. मडगाव.

परवा पत्रिका छापून आल्या. पहिली सासूबाईंच्या हातात दिली. चष्मा लावून, ओळीखाली बोट फिरवीत त्यांनी ती सबंध वाचली. दादाच्या नावापाशी बोट थोडा वेळ थांबले. मग त्यांनी पत्रिका उलटी केली आणि मागची कोरी बाजू उजेडात धरून नीट पाहून घेतली.