स्वस्त भाडे की परवडणारे घर?

'घर पाहावे बांधून' असे आपल्याकडे म्हणतात. बदली होऊन मुंबईत आलेल्या कुटुंबाला मात्र घर नुसते भाड्याने घेतानाच या म्हणीचा अर्थ पुरेपूर कळतो. नागपुरात किंवा इंदुरात ऐसपैस चार खोल्यांत राहिलेली माणसे येथे एक बेडरूम, हॉल आणि किचन एवढ्यासाठी रविवारमागून रविवार जिने चढतात-उतरतात. आवडलेले घर परवडत नाही, परवडणारे स्टेशनपासून लांब असते आणि दोन्ही जुळलेच तर सोसायटीचे नियम आडवे येतात!

मुंबईत रिकामी घरे नाहीत, असे मात्र नाही. २०११च्या जनगणनेत शहरातील सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी आढळली होती. मालक ती कुलूपबंद का ठेवतात, याचे उत्तर बरेचसे इतिहासात आहे. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने असंख्य जागांची भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर बांधली गेली. पुढे १९७३ साली लायसन्सवर राहणाऱ्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. 'एकदा माणूस घरात शिरला की निघत नाही' ही धास्ती तेव्हापासून मालकांच्या मनात बसली. ३१ मार्च २०००पासून नवा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा लागू झाला. त्यानुसार लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर सोडावेच लागते. न सोडल्यास दुप्पट रक्कम भरावी लागू शकते. तरीही धास्ती पुरती गेलेली नाही. मोठे डिपॉझिट, अकरा महिन्यांची मुदत आणि चौकशांचा ससेमिरा ही तिचीच अपत्ये होत.

भाडे एक, खर्च अनेक

घर शोधताना बहुतेकांच्या डोक्यात एकच आकडा असतो, तो म्हणजे महिन्याचे भाडे. येथेच हिशेब चुकतो. समजा, भाडे १८ हजार आणि डिपॉझिट ७५ हजार आहे. एक महिन्याचे भाडे दलालीत जाते, पहिल्या महिन्याचे आगाऊ द्यावे लागते. म्हणजे टेम्पोत सामान चढण्यापूर्वीच १ लाख ११ हजार रुपये हाताशी हवेत. दलालीचे १८ हजार अकरा महिन्यांवर विभागले, तर खरे भाडे दरमहा १९,६०० रुपयांच्या पुढे जाते. अकरा महिन्यांनी पुन्हा घर बदलले, तर पुन्हा तेच चक्र!

यावर एक साधा उपाय आहे. करार अकरा महिन्यांचाच हवा, असा कायद्याचा आग्रह नाही. तो ६० महिन्यांपर्यंत करता येतो. मालक तयार असतील तर २२ किंवा ३३ महिन्यांचा करार करावा आणि दरवर्षी किती वाढ होणार, हे त्यातच लिहून घ्यावे. मुलांची शाळाही मध्येच बदलावी लागत नाही.

दुसरा हिशेब अंतराचा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून डोंबिवली ४८, तर बदलापूर ६८ किलोमीटरवर आहे. जितके लांब जावे, तितके भाडे साधारणपणे उतरत जाते. पण वाचलेल्या पैशांतून रेल्वेचा पास, रिक्षा आणि रोज प्रवासात जाणारे तास वजा करून पाहावेत. पती-पत्नी दोघेही नोकरी करत असतील आणि घरात लहान मूल असेल, तर पाळणाघराच्या वाढीव तासांचा खर्चही धरावा. मग स्वस्त वाटलेले घर कित्येकदा महाग ठरते. उलट, घरी राहूनच काम करणाऱ्याला तेच लांबचे घर फायद्याचे ठरू शकते.

"वहिनी, आजच टोकन द्या!"

"वहिनी, आजच टोकन द्या, संध्याकाळपर्यंत ही जागा जाईल," असे एजंट म्हणतोच. घाई त्याची असते, पैसे आपले असतात. घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आणि मालकाची खात्री पटल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. 'मालक परगावी आहेत, मोबाइलवरून पैसे पाठवा, चावी मिळेल' असे सांगणाऱ्यांपासून चार हात दूरच राहावे. सूची क्रमांक २चा उतारा, सोसायटीचे भागप्रमाणपत्र आणि विजेचे बिल यांवर एकच नाव आहे ना, हे पडताळावे.

घर एकदा दिवसा आणि एकदा संध्याकाळी पाहावे. पाणी किती वाजता येते आणि किती वेळ टिकते, हे एजंटाला नव्हे, शेजारच्या काकूंना विचारावे. नव्या रंगाखाली ओलीचे डाग लपलेले नाहीत ना, हे भिंतीवर हात फिरवून पाहावे. तळमजल्याची जागा असेल, तर २६ जुलै २००५च्या पुरात पाणी कुठवर आले होते, हे जुने रहिवासी सांगतात. क्षेत्रफळ विचारताना 'कार्पेट किती?' असेच विचारावे. कपाट आणि पलंग मावणार आहे तो त्याच जागेत!

एकट्या स्त्रीला, अविवाहित तरुणांना, कधी धर्मावरून तर कधी खाण्यापिण्यावरून नकार देणारी घरे आजही आहेत. ही लाजिरवाणी गोष्ट आहे. अशा वेळी भेटीपूर्वीच फोनवर स्पष्ट विचारले, तर निदान हेलपाटा आणि अपमान दोन्ही टळतात.

कागदाला कंटाळू नका

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. येथे कितीही मुदतीचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नुसते नोटरीचे शिक्के पुरत नाहीत. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. आता नोंदणी ऑनलाइनही होते आणि खर्चही फार नसतो. वरच्या उदाहरणात मुद्रांक शुल्क पाचशे रुपयांहून थोडे अधिक आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार रुपये येते.

करारात चार गोष्टी स्वच्छ लिहून घ्याव्यात. डिपॉझिट किती दिवसांत आणि कोणती कपात करून परत मिळेल? मुदतीआधी घर सोडायचे झाल्यास किती दिवसांची नोटीस? दुरुस्ती कोणाकडे? आणि सोसायटीचे बिनभोगवटा शुल्क कोण भरणार? हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त असू नये, असा राज्य सरकारचा २००१चा आदेश आहे. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणेही राहू देऊ नये. चावी घेताना भिंती, नळ, पंखे यांचे फोटो काढून मालकांना त्याच दिवशी पाठवावेत. घर सोडताना हेच फोटो वाद मिटवतात.

डिपॉझिट ही बहुतेक घरांत वर्षानुवर्षांची बचत असते, कधी मोडलेली मुदतठेव, तर कधी गहाण ठेवलेल्या बांगड्या. ती सुखरूप परत येणे, हाही घराच्या किमतीचाच भाग आहे. म्हणून भाड्यात हजार रुपये कमी करून घेण्यासाठी जेवढी घासाघीस करावी, त्याहून थोडी अधिक करार वाचताना करावी.