धावणाऱ्या लेकरांनी थांबायलाही शिकावे



पहाटे साडेचारला मुदखेडच्या रस्त्यावर उभे राहिले तर फुलांची गाठोडी घेऊन नांदेडच्या बाजाराला निघालेली माणसे दिसतात आणि त्यांच्याही आधी उठलेली आपली पोरे-पोरी दिसतात. गावात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे प्रशिक्षण केंद्र असल्याने वर्दी यांच्या डोळ्यांसमोर लहानपणापासून आहे. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत ५० गुण असतात. त्यातले २० गुण मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्याचे. एका-एका गुणासाठी लेकरे रक्ताचे पाणी करतात. करावेच. पण कसे करावे, हे त्यांना सांगणारा कोणी नसतो, म्हणून आजचा हा लेखप्रपंच.

आमच्या वस्तीतला एक मुलगा सकाळ-संध्याकाळ डांबरी रस्त्यावर धावायचा. नडगी दुखू लागली. त्याने फडके बांधले, गोळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी अंतर वाढवले. मैदानाची तारीख दहा दिवसांवर आली तेव्हा पाय टेकवेना. डॉक्टरांनी हाडाला बारीक चीर असल्याचे सांगून धावणे बंद केले. त्याची आई मला म्हणाली, "भाऊ, पोरगं आळशी असतं तर मी मनाला समजावलं असतं. हे तर लई पळलं म्हणून घरी बसलं."

ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. मग आम्ही चार कार्यकर्त्यांनी ठरवले की धावणे झाल्यावर अर्धा तास सर्वांनी विहाराच्या सभागृहात यायचे आणि सतरंजीवर योगासने करायची. पहिल्याच आठवड्यात एका ज्येष्ठ उपासकांनी मला गाठले. "कामून रे बाबा, बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या विहारात ओंकार घुमवायला का? आज आसनं, उद्या सूर्याला नमस्कार!"

त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेले नाही. २०१५ पासून २१ जूनला योगदिन साजरा होतो, तेव्हा व्यायामाच्या पाठीमागून पूजाही घरात शिरते की काय, ही शंका आपल्या माणसाला येणे साहजिक आहे. मी म्हणालो, "काका, इथे मूर्ती नाही, मंत्र नाही. पायाच्या शिरा मोकळ्या करायला कोणत्या देवाची परवानगी लागते?" आणि श्वासाकडे लक्ष देणे तर आपल्याच घरचे धन आहे. तथागतांनी आनापानसती शिकवली. प्राणायामात श्वास आवरला जातो, आनापानात तो जसा आहे तसा पाहिला जातो. शर्यतीच्या रेषेवर छाती धडधडत असताना दहा श्वास शांतपणे पाहता आले, तर पोरगे पहिल्याच फेरीत उधळून दम घालवत नाही.

आपला धम्म तपासून घ्यायला सांगतो, तेव्हा योगही तपासूनच घ्यावा. असे तपासणारे महाराष्ट्रात होऊन गेले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि योगक्रिया यंत्रांनी मोजायला सुरुवात केली. प्राणायामाने शरीरात भरमसाट जादा प्राणवायू जातो, ही लोकांची समजूत त्यांच्याच मोजमापात टिकली नाही. म्हणून मी पोरांना स्पष्ट सांगतो की आसने करून दम वाढत नाही, दम धावूनच वाढतो. आसनांनी कंबर, मांड्या व घोटे मोकळे होतात, तोल सुधारतो, पोट-पाठीला बळ येते आणि थकलेला माणूस अर्धा तास तरी स्वस्थ बसतो.

आमचा क्रम साधा आहे. धावण्याआधी ताणून धरायचे नाही. पाय झुलवायचे, गुडघे उचलत हळूहळू अंग तापवायचे. फार वेळ ताणून ठेवलेला स्नायू लगेच धावताना जोर कमी देतो. धावून आल्यावर पाच मिनिटे चालायचे, मग वृक्षासन, पश्चिमोत्तानासन, उताणे पडून पंजाला गमछा अडकवून एकेक पाय वर घेणे, भुजंगासन आणि शेवटी दहा मिनिटे शवासन. झटके द्यायचे नाहीत, शेजाऱ्याशी चढाओढ करायची नाही. आठवड्यातून एक दिवस धावणे बंद. आणि हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवले की कळ येत असेल, रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर आसन नको, मालिश नको, थेट डॉक्टर. तिथे योगाचा उपयोग नाही.

जिद्दीला तोटा नाही. आपल्याच मराठवाड्यात, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे वीटभट्टीवर राबणाऱ्या आई-बापाचा मुलगा. बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये शिपाई झाला. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले. तो धावपटू म्हणून घडला तो फौजेत, जिथे प्रशिक्षक आहे, मैदान आहे, बूट आहेत. आपल्या पोरांजवळ आज जिद्द तेवढी आहे.

विनयपिटकात सोण नावाच्या भिक्खूची कथा आहे. श्रीमंत घरचा, कोमल पायांचा. साधनेच्या ईर्ष्येने तो इतके चंक्रमण करू लागला की तळपाय फुटून वाट रक्ताने भरली. भगवंतांनी त्याला त्याच्या वीणेची आठवण करून दिली. तारा फार ताणल्या तर सूर लागत नाही, ढिल्या सोडल्या तरी लागत नाही. हे आपण प्रवचनात पुष्कळदा ऐकतो. पुढचा भाग मात्र कमी ऐकतो. भगवंतांनी सोणाला पायताण वापरायची मुभा दिली. सोण म्हणाला, मला एकट्याला नको, संघाला द्याल तर घेईन. मग ती साऱ्या भिक्खूंना मिळाली.

परवा तेच काका सकाळी विहारात आले. काही बोलले नाहीत, कोपऱ्यात बसून पोरांचे शवासन पाहत राहिले. जाताना त्यांनी विचारले, "या पोरीच्या बुटाला तळ कुठाय?" दुसऱ्या दिवशी त्यांनी एका जोडीचे पैसे आणून दिले.

वाचकहो, आपल्या गावच्या विहाराला सकाळी कुलूप असेल तर ते उघडून द्या. वर्गणीतून यंदा एखादा मंडप कमी घाला आणि त्यात बूट आणा. एकाला नको, सगळ्यांना आणा.

जयभीम.