सखल जमीन कोणाच्या वाट्याला?



पूर आला की आपण म्हणतो, देवाची करणी. पाऊस देवाच्या हाती खरा. पण पाण्याच्या वाटेवर कोणी राहायचे, हे माणूसच ठरवतो. अमेरिकेतील प्रिन्सव्हिल गावाची कहाणी हेच सांगते.

१८६५ साली नॉर्थ कॅरोलिनात गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी टार नदीकाठी वस्ती केली. त्यांच्या वाट्याला आली ती गोऱ्या जमीनदारांना नको असलेली सखल, पाणथळ जमीन. तरी त्यांनी कष्टाने गाव उभारले आणि १८८५ साली त्याला कायद्याची मान्यता मिळवली. नदी वारंवार घरांत शिरत राहिली. संरक्षक बांध मात्र १९६७ साली झाला, म्हणजे वस्तीनंतर शंभर वर्षांनी! १९९९ च्या फ्लॉइड वादळात तोही तोकडा पडला. कित्येक दिवस गाव पाण्याखाली होते. दफनभूमीतील शवपेट्याही वर तरंगल्या. २०१६ साली मॅथ्यू वादळाने गाव पुन्हा बुडवले. अशा अन्यायाला तिकडे पर्यावरणीय वर्णभेद म्हणतात.

‘मग ते गाव सोडत का नाहीत?’ असे कोणी विचारील. १९९९ च्या पुरानंतर सरकारला घरे विकून निघून जाण्याचा मार्ग त्यांच्यापुढे होता. गावाच्या मंडळाने एका मताच्या फरकाने राहायचे ठरवले. ती पूर्वजांची भूमी होती. हे आपल्याला कळायला हवे. आपले पूर्वज शर्तबंद मजूर म्हणून या बेटावर आले, तेव्हा मळ्यातली राहण्याची जागा त्यांनी निवडली नव्हती. ती मळेवाल्याने दिली होती.

आपल्याकडे ३० मार्च २०१३ रोजी पोर्ट लुईच्या पुरात अकरा जीव गेले. कानाल दायोसारख्या वस्तीतही पाणी शिरले. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाने राजधानीला पुन्हा तोच धडा दिला. तेव्हा सखल भागातील गरिबाला ‘तू तिथे घर का बांधलेस?’ असे विचारण्याआधी, त्याला दुसरी कोणती जागा परवडत होती, हे विचारू या. वरच्या अंगाला इमारतीस परवानगी देताना खालच्या घरांचा विचार झाला का, गटारे पावसाळ्याआधी साफ झाली का, हेही विचारू या.

पाणी उताराकडे जाते, हा निसर्गनियम आहे. संकटही नेहमी दुबळ्याकडेच जावे, हा मात्र निसर्गनियम नव्हे. तो माणसाने केला आहे, म्हणून माणसाला तो बदलताही येईल.