बंदुकीच्या दस्त्याची गादी : एक उपेक्षित बाब

नांगराचा फाळ झिजला कीं शेतकरी तो लोहाराकडे नेतो; पंपाचा वॉशर गेला तर त्याच दिवशीं बदलतो. पीकसंरक्षणाची बंदूक मात्र वर्षभर कपाटांत बंद राहते, आणि रानडुकरें पिकांत शिरलीं म्हणजेच तिची आठवण होते. ह्या बंदुकीच्या लांकडी दस्त्याच्या टोकास जी रबरी गादी असते, तिच्याविषयीं आमच्या शेतकरी बंधूंस दोन शब्द सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. बाब क्षुल्लक दिसेल. परंतु तिच्या उपेक्षेचें फळ आमच्यामुळें दुसऱ्यास भोगावें लागलें आहे.

आमची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. शस्त्रपरवान्यांचे अर्ज व नूतनीकरणाचीं प्रकरणें कित्येक वर्षें आमच्या टेबलावरून पुढें गेलीं. मुदत, शिक्का, बंदुकीचा क्रमांक हें सर्व आम्ही काटेकोरपणें पाहत असूं. वडिलांच्या पश्चात् आमच्या नांवावर आलेल्या दुनळी बारा बोअर बंदुकीचे कागदही असेच चोख होते. पण तिची गादी दगडासारखी कडक होऊन तडकली होती व मधला भाग झिजून एका स्क्रूचें डोकें वर आलें होतें, तिकडे आमचें लक्ष गेलें नाहीं.

निवृत्तीनंतर एका आश्विनांत, वनाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घेऊन, आम्ही भातशेतांतील मचाणावर बसलों. पहिला बार फुकट गेला व स्क्रू खांद्यांत रुतला. दुसऱ्या बाराच्या वेळीं चाप ओढण्यापूर्वींच आमचे डोळे मिटले आणि खांदा मागें सरला. गोळी डुकराच्या मागल्या पायास लागली. तें रानांत निघून गेलें. दुसरे दिवशीं सकाळीं गवत कापावयास गेलेल्या आमच्याच वाडींतील एका बाईची मांडी त्या जखमी जनावरानें फाडली. ती वांचली, परंतु अद्याप लंगडते.

बार उडतो तेव्हां जेवढा रेटा गोळीस पुढें लोटतो, तेवढाच बंदुकीस मागें लोटतो. न्यूटननें १६८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांतील हा नियम आहे. मऊ गादी हा धक्का नाहींसा करीत नाहीं. तो किंचित् अधिक वेळांत व अधिक जागेवर वांटून देते, इतकेंच. परंतु रबर चिरंजीव नव्हे. ऊन, हवा व विशेषेंकरून बंदुकीचें तेल ह्यांनीं तें कडक होतें, तडकतें किंवा चिकट पडतें. अंगठ्यानें जोरानें दाबल्यास गादी दबली नाहीं, किंवा दबून पूर्ववत् झाली नाहीं, तर ती गेली असें समजावें.

कांहीं मंडळी म्हणतात, "गादी हवी कशाला? धक्का सोसवत नाहीं त्यानें बंदूक धरूं नये." हें मत आम्हांस मान्य नाहीं. दुखऱ्या खांद्यास धक्क्याची धास्ती बसली कीं मनुष्य कितीही धीराचा असो, त्याचा हात चाप ओढतांना बिचकतो; आणि बिचकलेल्या हाताचा नेम चुकतो.

गादी बदलणें कठीण नाहीं. प्रथम दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हें डोळ्यांनीं पाहावें व काडतुसें दुसऱ्या खोलींत ठेवावीं. नळ्या उतरवून बाजूस ठेवल्यास उत्तम. चापापासून गादीच्या मध्यापर्यंतचें अंतर मोजून लिहून ठेवावें. तें सामान्यतः चौदा इंचांच्या आसपास असतें. नवी गादी जुनीइतकीच जाड घ्यावी; दस्ता लांब झाला तर कपड्यांत अडकतो, आंखूड झाला तर धक्क्यासरशीं अंगठा नाकावर येतो. जुने स्क्रू काढल्यावर लांकूड तपासावें. भोकें सैल झालीं असल्यास बाभळीसारख्या कठीण लांकडाची खुंटी सरस लावून बसवावी व नवें भोक पाडावें. उघड्या लांकडास जवसाच्या तेलाचा हात देऊन पूर्ण वाळूं द्यावें, म्हणजे पावसाळ्यांत ओल शिरणार नाहीं. नवी गादी दस्त्याहून मोठी असते. तिच्यावर दस्त्याची रेघ आंखून ती काढून काचकागदावर घासावी. दस्त्यावर बसवून घासल्यास लांकडाचें पॉलिश जातें. शेवटीं स्क्रूचें डोकें रबराच्या आंत खोल गेलें पाहिजे. तें ओढतांना पेचकसाच्या टोकास साबण लावल्यास गादी फाटत नाहीं. नळी, चाप व आंतील कळ ह्यांस मात्र हात लावूं नये; तें काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याचें.

२०१९ च्या कायदेदुरुस्तीनें शस्त्रपरवान्याची मुदत तीन वर्षांची पांच वर्षें झाली. कागदास हें सोईचें झालें. रबर मात्र पांच वर्षें वाट पाहत नाहीं. म्हणून आमची सूचना अशी कीं, पीक तयार होण्यापूर्वीं, म्हणजे श्रावणांतच, प्रत्येकानें आपली बंदूक वरपासून खालपर्यंत पाहावी. निवडणुकीच्या काळांत जमा केलेली बंदूक परत मिळतांच हीच तपासणी करावी. ज्यांची ठासणीची असेल त्यांनीं दस्त्यावरील पत्र्याचे स्क्रू तरी चाचपावेत. आमच्या संस्थेनेंही पोलिसांस आगाऊ कळवून, परवानाधारक दुरुस्तीवाल्यास वर्षांतून एक दिवस गांवीं बोलवावें.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यान्वयें परवानगी मिळाल्यावांचून डुकरावर बार टाकतां येत नाहीं, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु परवानगी मिळाली म्हणून जनावर अर्धमेलें करून रानांत सोडण्याचा अधिकार मिळतो असें नव्हे. आम्हीं जन्मभर कागद जपले व बंदूक जपली नाहीं. त्याची किंमत एका निरपराध बाईनें दिली. आमच्या वाचकांपैकीं कोणावर तरी ही पाळी न यावी, एवढ्याचसाठीं हा लेख लिहिला आहे.