आवाज हरवला तरी अक्षरे पोचतात

डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्ये असलेल्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्या मंडळींनी रेडिओवरून निरोप पोचवले. या रेडिओला संगणक जोडला की साउंड कार्ड अक्षरांचे सूर करते आणि पलीकडचा संगणक त्या सुरांची पुन्हा अक्षरे करतो. मध्ये इंटरनेट लागतच नाही!

पीटर मार्टिनेझ यांच्या पीएसके३१ पद्धतीत जेमतेम ३१ हर्ट्झच्या पट्ट्यात लेखी गप्पा होतात. नोबेलविजेते जो टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्याची २०१७ची एफटी८ पद्धत गोंगाटात बुडालेला संदेशही वेचते. पण एका खेपेत मोकळा मजकूर फक्त १३ अक्षरांचा.

आपत्तीत तेवढे पुरत नाही; गावाचे, औषधाचे नाव अचूक लिहून मिळायला हवे. म्हणून कोकणातल्या महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना हॅम परवान्याच्या परीक्षेला बसवावे आणि पीएसके३१चा सराव पावसाळ्याआधी करून घ्यावा.